कमांडर मोहित्यांची चौकशी

म्हैसूरच्या विजयनगरात आमच्या घरी झुरळ मारायची सोय नाही. चपलेचा आवाज झाला की शेजारचे कमांडर मोहिते दारात हजर.

"धोका काय होता?"

"उडत होतं."

"तुमच्या अंगावर?"

"बायकोच्या."

"हुकूम कोणाचा?"

"तिचाच."

"दुसरा मार्ग?"

"झाडू होता," मी कबूल करतो.

"मग नोडी, बघा, चप्पल सुम्ने चालवली. उगीच!"

शिक्षा ठरलेली: चौकशी अधिकाऱ्याला फिल्टर कॉफी. कॉफीसाठीच हा माणूस आमच्या झुरळांवर नजर ठेवून असतो, असा माझा संशय होता.

मोहिते नौदलातून निवृत्त झालेले. पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते, म्हणून मराठी कन्नडात भिजलेली. मी नाशिकहून हेब्बाळच्या कंपनीत आलेला. माझी मराठी त्यांना बातम्यांसारखी वाटते. मांजरावर वर्तमानपत्र उगारलं म्हणून त्यांनी वरच्या मजल्यावरच्या आजींनाही सोडलं नव्हतं. आजी अजून त्यांना बघितलं की दार लावून घेतात.

परवा रविवारी एक गाय माझी जास्वंद खात होती. मी झाडांच्या पाइपानं तिच्यावर पाणी सोडलं. मोहिते आले, पण प्रश्न नाही. त्यांनी नळ बंद केला आणि पायरीवर बसले.

"परक्या बंदरात होतो. एक होडी जहाजाच्या फार जवळ आली. मी आग विझवायच्या पाइपाचं पाणी सोडायला लावलं. होडी उलटली. कलिंगडं विकणारा म्हातारा होता, ओ. जहाजावर आदळला. पाय कायमचा गेला, असं मागाहून कळलं."

"मग चौकशी?"

"कोण करणार? परका देश, गरीब माणूस. कॅप्टननं पाठ थोपटली. मला कुणी काही विचारलंच नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही विचारा."

मला हसण्यावारी न्यायचं होतं. त्यांचा चेहरा बघून जमलं नाही.

"धोका काय होता?"

"नव्हता. मला वाटला."

"दुसरा मार्ग?"

"भोंगा होता."

"हुकूम कोणाचा?"

भिंतीला धरून ते उठले आणि ताठ उभे राहिले.

"माझा."

मी आत जाऊन कॉफी करून आणली.

"कॉफी नको," कप बघून ते म्हणाले. "शिक्षा सांगा."

आणि तसेच ताठ उभे राहिले.