कास्त्रोविएलला तीन वाचक हवेत

कास्त्रोविएल नगरपालिकेच्या हद्दीत एक दवाखाना, एक वाहतूक दिवा आणि चार थोर लेखक आहेत. दिवा बारा वर्षं पिवळाच आहे आणि डॉक्टर फक्त गुरुवारी येतात. लेखक मात्र चोवीस तास हजर असतात, कारण ते चौघंही ब्राँझचे आहेत.

सोळाव्या शतकातले फ्राय आन्सेल्मो चर्चसमोर, सतराव्यातले नाटककार गास्पार बसथांब्यापाशी आणि अठराव्यातले बाल्तासार औषधाच्या दुकानासमोर उभे आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीकार लेओकादिया मोन्तेसिनो चौकात बाकावर बसल्या आहेत. त्यांच्या शेजारची जागा फोटोसाठी मोकळी सोडण्याचा ठराव एकमताने झालेला आहे. दर शनिवारी माद्रिदहून दोन बसगाड्या येतात. पाहुणे लेओकादियांच्या मांडीवर मुलं बसवतात, सातुर्निनो हलवायाकडून ‘लेओकादिया’ छापाची, अंड्याच्या बलकाची मिठाई घेतात आणि साहित्याने तृप्त होऊन परत जातात.

या पाहुण्यांना माहिती सांगण्याचं काम गावची ग्रंथपाल ओब्दुलिया सव्वीस वर्षं करत होती. "लेओकादियांचं गद्य म्हणजे कास्तियाच्या पठारावरचा वारा," असं ती बाकापाशी उभी राहून सांगे आणि पाहुणे माना डोलावत. हे वाक्य तिला आधीच्या ग्रंथपालाकडून वारशात मिळालं होतं. त्यांनी ते बिशपसाहेबांच्या एका भाषणातून उचललं होतं. बिशपसाहेबांना ते कुठून सुचलं, हे कुणी विचारलं नव्हतं.

मार्च महिन्यात प्रांताच्या सांस्कृतिक विभागाकडून पत्र आलं. गावाला मिळालेली ‘साहित्यग्राम’ ही पदवी नव्याने मंजूर करायची होती. सोबत नेहमीचा तेरा कलमांचा अर्ज होता. पुतळे किती, फलक किती, स्मृतिचषक किती. पण या वर्षी त्यात कलम चौदा-ब नव्याने घातलेलं होतं: ‘चारपैकी किमान एका लेखकाचं किमान एक पुस्तक पूर्ण वाचलेल्या तीन स्थानिक रहिवाशांची नावं. निरीक्षक प्रत्यक्ष येऊन खात्री करतील.’ पदवी गेली तर महामार्गावरची पाटी जाणार, पाटी गेली तर बसगाड्या जाणार, आणि वाचनालय शेजारच्या गावच्या वाचनालयात विलीन होणार होतं. म्हणजे ओब्दुलियाही.

ती पत्र घेऊन नगराध्यक्ष फेर्मीनकडे गेली. दोघं एकाच बाकावर बसून शाळा शिकलेले.

"तीनच ना?" फेर्मीन हसला. "अगं, तेवीसशे वस्तीचं गाव आपलं! मला वाटलं, काय मागतायत न् काय नाही."

"तू वाचलंयस का काही?"

"मी नगराध्यक्ष आहे, ओब्दुलिया. मी अनावरणं करतो."

"मग नाव कुणाचं घालू?"

"तुझं घाल की पहिलं. तू तर रोज त्यांच्याबद्दल बोलतेस."

ओब्दुलियाने टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. "मी बोलते रे," ती म्हणाली. "बोलण्यात वेळ जातो, मग वाचायचं राहून जातं."

संध्याकाळी नगरपालिकेच्या सभागृहात सभा झाली. "लेखकांना वाचलेल्यांनी हात वर करा," असं फेर्मीनने म्हणताच सगळं सभागृह हात वर करून उभं राहिलं. मग ओब्दुलियाने शेवटची ओळ वाचली, निरीक्षक प्रश्न विचारणार आहेत. काही हातांना डोक्याला खाज सुटल्याचं आठवलं, काहींना टोपी नीट करायची होती. एकच हात वर राहिला, तो सातुर्निनो हलवायाचा.

"वाचलंय?" ओब्दुलियाला हायसं वाटलं.

"डब्यावर छापलेल्या दोन ओळी पाठ आहेत," सातुर्निनो म्हणाला. "पुढचं विचारलंत तर जमायचं नाही."

तेव्हा वाचायला बसण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. फ्राय आन्सेल्मोंचं सगळं लिखाण लॅटिनमध्ये होतं. गास्पार यांची सदतीस नाटकं हरवलेली होती, फक्त नावं शिल्लक होती, आणि तज्ज्ञांच्या मते नावं अप्रतिम होती. बाल्तासार यांनी पाटबंधाऱ्यांवर दोन हजार पानांचं काव्य केलं होतं. राहिली लेओकादियांची कादंबरी, पानं एकशे ऐंशी. तिची मूळ प्रत नगरपालिकेत काचेच्या पेटीत होती आणि ‘वाचनाने झीज होते’ या कारणास्तव ती उघडण्यास मनाई होती. पन्नास वर्षांपूर्वी नगरपालिकेने काढलेल्या आवृत्तीच्या पाचशे प्रती मात्र शाबूत होत्या. त्या जत्रेच्या रंगमंचाच्या पायांखाली होत्या.

"एकच काढ," फेर्मीन बजावत होता. "परवा बँड आहे."

ओब्दुलियाने तीन काढल्या. त्या वर्षी बँड किंचित डावीकडे कलून वाजला.

एक प्रत सातुर्निनोला गेली, एक गुरांचे डॉक्टर एलादिओ यांना. तिसरी घेऊन ओब्दुलिया दुपारी स्वयंपाकघरात बसली. शेगडीवर मसूर शिजत होता. पहिली दहा पानं तिने कर्तव्य म्हणून वाचली. अकराव्या पानावर ती हसली. तिसाव्या पानावर मसूर करपला आणि तिला कळलंही नाही. रोज जिच्या खांद्यावरची कबुतरांची घाण ती पुसायची, ती बाई इतकी तिखट असेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. कादंबरीतल्या गावाचं नाव होतं कास्त्रोमिएल. तिथला नगराध्यक्ष सार्वजनिक कारंज्याचं पाणी घडे भरून विकत होता. तिथला हलवाई मिठाईत बलकाऐवजी हरभऱ्याचं पीठ आणि केशरी रंग घालत होता. आणि सगळं गाव मिळून एका विधवेला हाकलून देत होतं, कारण ती हे मोठ्याने बोलत होती. शेवटचं पान संपलं तेव्हा ओब्दुलियाला आनंद झाला होता आणि लाजही वाटत होती. सव्वीस वर्षं आपण एका जिवंत बाईला वारा म्हणत आलो, असं काहीसं तिच्या मनात आलं.

तिने फेर्मीनला आणि सातुर्निनोला सगळं सांगितलं.

"हरभऱ्याचं पीठ?" सातुर्निनोचा चेहरा उतरला. "पण ही पाककृती तर खापरपणजोबांपासून गुप्त आहे!"

"बाईंना ठाऊक होती."

"एवढं लिहिलंय तिने?" फेर्मीन संतापला. "मग आपण पुतळा कशाला उभारला तिचा?"

"तेव्हा कुणी वाचलं नव्हतं."

"हीच तर खरी परंपरा!" फेर्मीन म्हणाला. "हे बघ सातुर्निनो, तू पुढे एक पानही वाचू नकोस. उगाच तब्येत बिघडेल."

सातुर्निनो तसाही चौथ्या पानावर होता. डॉक्टर एलादिओ प्रत गोठ्यात विसरले होते आणि ती एका गाईने कव्हरासकट संपवली होती. गावातून पुस्तक पुरं केलेलं तेवढंच एक तोंड, ओब्दुलिया सोडून.

ठरल्या दिवशी निरीक्षक इरिबार्नेबाई आल्या. त्यांनी पुतळे मोजले, मिठाई चाखली आणि तिन्ही वाचकांना सभागृहात बोलावलं. विभागाने पाकिटातून एकच प्रश्न पाठवला होता: ‘कादंबरीच्या शेवटी विधवेचं काय होतं?’

"मरते," सातुर्निनो म्हणाला. त्याने डोळेही पुसले.

"लग्न होतं," डॉक्टर एलादिओ म्हणाले. "खूप चांगल्या माणसाशी."

ओब्दुलिया उभी राहिली. "ती परत येते. चौकात बाकावर बसते आणि रोज तेच बोलत राहते. लोक तिच्याभोवती जमून टाळ्या वाजवतात, म्हणजे तिचं बोलणं कुणाला ऐकू येऊ नये."

इरिबार्नेबाईंनी चष्मा पुसला.

"हे जरा पटत नाही, बाई," त्या म्हणाल्या. "असा कुठे शेवट असतो? पण असो. तीन वाचक, तीन मतं. विभागाला अशीच जिवंत चर्चा अपेक्षित आहे."

"तुमच्या पाकिटात उत्तर असेल ना? ताडून बघा," ओब्दुलिया म्हणाली.

"उत्तर पाठवलेलं नाही," इरिबार्नेबाई शांतपणे म्हणाल्या. "ते लिहायला आधी विभागात कुणी वाचलेलं असायला लागतं."

कास्त्रोविएलला पदवी मिळाली, तीही विशेष श्रेणीत. शिवाय कादंबरीची नवी, देखणी आवृत्ती काढायला अनुदान मंजूर झालं. ओब्दुलियाने महिनाभर बसून सगळा मजकूर शब्दन्‌शब्द टाइप केला, तपासला आणि राजधानीतल्या छापखान्याला पाठवला. तिच्या माघारी फेर्मीनने छापखान्याला फोन केला: "तो मजकूर वापरू नका. त्यातले काही अपमानास्पद भाग गाळून मी सुधारित मजकूर पाठवतो." सुधारणा करायची तर आधी वाचावं लागणार होतं, म्हणून ते काम लांबत गेलं. छापखान्याला मात्र प्रकाशनाची तारीख पाळायची होती. मंजूर झालेलं होतं फक्त मुखपृष्ठ. त्यांनी मंजूर झालं तेवढं छापलं आणि बाकीची पानं कोरीच बांधून पाठवली.

प्रकाशनाच्या व्यासपीठावर ओब्दुलियाने हातातली प्रत उघडली. एकशे ऐंशी पानं, शुभ्र. तिने घाईने दुसरी उघडली, तिसरी उघडली. तिने फेर्मीनकडे पाहिलं. तो टाळ्या वाजवत होता. सगळेच टाळ्या वाजवत होते.

"फेर्मीन, आत काही नाहीये!"

"हळू बोल, फोटो काढतायत."

आता गहजब होणार, या खात्रीने ती दुसऱ्या दिवशी तक्रारवही उघडून वाचनालयात बसली. दोन हजार प्रती आठवड्यात खपल्या. प्रांताच्या सांस्कृतिक सचिवांनी जाहीर सांगितलं की आपण हे पुस्तक एका दमात वाचून काढलं. एका वृत्तपत्राने लेखिकेच्या संयमित शैलीचं कौतुक केलं. इरिबार्नेबाईंनी पत्र पाठवून कळवलं की शेवट आता पटला. तक्रारवहीत महिन्याभरात एकच नोंद झाली. वायादोलिदच्या एका बाईंना मुखपृष्ठाचा हिरवा रंग दिवाणखान्यातल्या पडद्यांशी जुळत नव्हता.

तेव्हा ओब्दुलियाने स्वतः टाइप केलेल्या मजकुराच्या दोन हजार प्रती काढून, साध्या दोऱ्याने शिवून वाचनालयात रचून ठेवल्या आणि दारावर सूचना लावली: ‘ज्यांच्या प्रतीत आत काहीही छापलेलं नाही, त्यांनी ती आणून द्यावी. बदल्यात पूर्ण कादंबरी मिळेल. ओळखपत्राची गरज नाही.’

याला चार वर्षं झाली. गठ्ठे आहेत तिथेच आहेत आणि ओब्दुलिया रोज नऊला दार उघडते. सूचनेला मुदत घातलेली नाही. आपल्याकडेही कपाटात, अगदी पाहुण्यांना दिसेल अशा फळीवर, काही देखणी पुस्तकं असतीलच. एखादं उघडून पाहावं. आत काही नसलं तर कास्त्रोविएलला जरूर या. रांग अजिबात नाही.