दहाव्यातल्या शिंका

दहाव्याच्या दिवशी सकाळी सकाळीच सुनेनं रंगुबाईला उताणं झोपवलं आणि तिच्या दोन्ही नाकपुड्यांत कोमट तुपाचे थेंब सोडले. नवरा जाऊन दहा दिवस होत आले होते, पण घरात नवऱ्याची चर्चा कमी आणि रंगुबाईच्या शिंकांची जास्त चालली होती. पाऊस ओसरून गाजरगवताला पांढरा फुलोरा आला की तिचं नाक दर वर्षी असंच वाहायला लागायचं. डोळे लालभडक, टाळूला खाज, आणि शिंक एकदा सुरू झाली की थांबायचं नाव नाही.

थोरली सून पूजा नगरला सावेडीतल्या फ्लॅटमध्ये राहायची आणि मोबाईलवर बघून घरादारावर उपाय करायची. सासरा गेल्याचं कळल्यावर ती आली तीच मुळी सुंठ, ओवा, हळद आणि सैंधव यांची पिशवी घेऊन. ओव्याची पुरचुंडी हुंगवून झाली, मिठाच्या पाण्यानं नाक धुऊन झालं, काढा पाजून झाला.

"आई, गावचाच मध चाटायचा. म्हणजे गावच्याच फुलांची अंगाला सवय होते," ती म्हणाली. मध तिनं नगरच्या मॉलमधून आणला होता.

रंगुबाईचा स्वतःचा उपाय एकच होता. पदराचं टोक पाण्यात बुडवायचं आणि नाकावर धरायचं. तो हमखास लागू पडायचा, पण फुकटचा असल्यामुळे त्याला घरात किंमत नव्हती.

तिला खरा घोर शिंकांचा नव्हताच. सावडायचं झालं त्या दुपारी दोन्ही पोरं पडवीत बोलत बसली होती आणि ती आत भिंतीला टेकून ऐकत होती. घर खर्ड्याच्या रस्त्याला लागून, त्यामुळे ढाब्यासाठी गिऱ्हाईक चालून आलेलं. दहावा उरकला की व्यवहार करायचा आणि आईनं सहा महिने थोरल्या वैजनाथकडं सावेडीत, सहा महिने धाकट्या कल्याणकडं पुण्यात राहायचं, असं दोघांचं ठरलं. आईला विचारू या, असं दोघांपैकी एकाच्याही तोंडून निघालं नाही. रंगुबाईला आपल्या दोन खोल्यांत, आपल्या कोंबड्यांच्या मागं फिरत उरलेले दिवस काढायचे होते. एवढंही मागायची सोय नव्हती.

ओढ्याच्या काठावर पिंड मांडून झाले. वैजनाथनं बापाच्या, म्हणजे नानांच्या आवडीचं सगळं ठेवलं: बुंदीचा लाडू, कांदाभजी, कपभर चहा. माणसं मागं सरून गप्प उभी राहिली. काठाला गाजरगवत कमरेएवढं माजलेलं, आणि बायकांना उभं राहायला जागा मिळाली ती नेमकी त्याच्याच कडेला. समोरच्या बाभळीवरून एक कावळा उतरला, मान वाकडी करून पिंडाकडं दोन उड्या मारत आला, आणि रंगुबाईला शिंक आली. साधीसुधी नाही. कावळा पुन्हा बाभळीवर जाऊन बसला.

तो शिंकेनं उडाला, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. दहाव्याचा कावळा असल्या साध्या कारणानं उडत नसतो.

"नानाची कायतरी इच्छा ऱ्हायली," भावकीतले वडीलधारे रंगनाथतात्या म्हणाले. "वैजू, बोल काय ते."

वैजनाथनं हात जोडले. "नाना, वर्सश्राद्धाला समद्या गावाला जेवाण घालतो."

कावळा उतरला. रंगुबाईनं पदरानं नाक दाबून धरलं, ओठ चावला, पण शिंक आली ती आलीच. कावळा गेला.

"जेवनाचं न्हाई ते," तात्या म्हणाले. "कल्याण, तू बोल."

"नाना, आईला काशीला न्हेऊन आनतो!"

कावळा उतरला आणि तिसऱ्या शिंकेला परत गेला. आता लोकांत कुजबुज सुरू झाली. ऊन चढत होतं, मागं स्वयंपाक निवत होता, आणि सगळ्यांच्या नजरा दोन्ही पोरांवर खिळल्या होत्या.

"आरं, त्याचा जीव तुमच्या आईत आडकलाय," तात्यांचा आवाज चढला. "आईचं काय करणार ते सांगा त्याला!"

हे ऐकलं आणि रंगुबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सगळा जन्म संसार केला, पण या घरात तिच्या बोलण्याकडं कुणी कान दिला नव्हता. आज मात्र ती नुसती शिंकत होती आणि माणसं हात जोडून वचनावर वचन देत होती. तिनं नाकावरचा पदर हळूच खाली घेतला, दोन पावलं मागं सरकली आणि थेट गवताच्या फुलोऱ्यात जाऊन उभी राहिली.

"नाना, आईला कधी अंतर देणार न्हाई," दोघं एका सुरात म्हणाले.

रंगुबाईनं छाती भरून श्वास घेतला. एकापाठोपाठ चार शिंका झाल्या. कावळा तर बाभळच सोडून पलीकडच्या लिंबावर गेला.

"ह्येच्यानं भागंना," तात्या म्हणाले. "घराचं बोला. समद्या गावाला म्हाईत हाय तुमचं काय चाललंय ते."

वैजनाथचा चेहरा पडला. त्यानं कल्याणकडं पाहिलं, कल्याणनं ओढ्याकडं. शेवटी पूजाच्या कपाळावरच्या आठ्या चुकवत वैजनाथ बोलला, "नाना, घर इकनार न्हाई. आई हितंच ऱ्हाईल."

रंगुबाईच्या डोळ्यांना धार लागली. ती काही गवताची नव्हती. तिनं घाईघाईनं पदर ओढ्यात बुडवला, पिळला आणि नाकातोंडावर घट्ट आवळून धरला. आता जीव गेला तरी शिंकायचं नव्हतं. लिंबावरचा कावळा इकडं बघू लागला, अंग सावरू लागला.

एवढ्यात वरच्या पायवाटेवरून नानांचा जुना दोस्त सहादेव धापा टाकत आला. जामखेडहून परतीची एसटी चुकल्यानं त्याला उशीर झाला होता. त्यानं पिंडासमोरचं ताट पाहिलं आणि ओरडला, "आरं, तंबाखू कुठंय?"

"त्यांनी सोडली होती तंबाखू," पूजा ताठ मानेनं म्हणाली. "दोन वर्षं झाली. बडीशेप आणि ओवा भाजून पाठवत होते मी."

"सोडली हुती? रोज माझ्या वट्यावर बसून खात हुता की!" सहादेवनं खिशातली पुडी काढून भज्यांशेजारी ठेवली आणि तो मागं झाला.

कावळा सरळ खाली आला आणि त्यानं पिंडात चोच घातली.

"शिवला! शिवला!" एकच गलका झाला. तंबाखूच पायजे हुती नानाला, म्हणून माणसं हसली आणि डोळे पुसत जेवायला निघाली. सहादेवला तर दोन्ही पोरांनी मिठीच मारली. रंगुबाई ओला पदर तसाच धरून उभी राहिली.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर तिनं विषय काढला. "घराचं तेवढं बोललात ते बरं झालं रं."

वैजनाथ समजुतीच्या सुरात म्हणाला, "आई, घराचं बोललो तवा आला का कावळा? न्हाई आला. तंबाखू ठेवली, आला. म्हंजी घराचं नानांच्या मनात काय नव्हतंच."

"आरं, त्यो येतच हुता. मी शिंकत हुते म्हनून..." रंगुबाई बोलता बोलता थांबली.

"म्हणून काय?" पूजानं विचारलं.

काय सांगणार? की तुमच्या बापाला मीच मुद्दाम लटकवून ठेवला होता? दोन खोल्यांसाठी नवऱ्याची वाट अडवली, हे उद्या सगळ्या जामखेड तालुक्यात झालं असतं. "काय न्हाई," ती म्हणाली. मनातून मात्र तिचा संताप संताप झाला होता, आणि तो पोरांवर कमी आणि मेलेल्या माणसावरच जास्त होता. जिवंतपणी त्यानं कधी तिची बाजू घेतली नाही ती नाहीच, आणि जाता जाता चिमूटभर तंबाखूवर मिटवून टाकलं.

"आणि आई, सावेडीत तिसऱ्या मजल्यावर हे गवत नाही की काही नाही," पूजा म्हणाली. "शिंका आपोआप बंद होतील. ह्यापेक्षा चांगला नैसर्गिक उपाय दुसरा नाही."

तेरावं झालं. कोंबड्या शेजारच्या भीमाबाईकडं गेल्या. निघायच्या दिवशी वैजनाथ गाडीत सामान भरत होता, तेवढ्यात घर घेणाऱ्याचा जेसीबी येऊन धडकला. परसात, कुडाच्या कडेला, न्हाणीमागं, दारात, इतकी वर्षं माजलेलं गाजरगवत त्यानं मुळासकट उपटलं आणि लांब खड्ड्यात नेऊन गाडलं. रंगुबाई अंगणात बोचकं घेऊन उभी होती. तिनं श्वास घेतला, परत घेतला. नाक मोकळं होतं. दिवाळीच्या तोंडावर या अंगणात तिला असा श्वास कधीच घेता आला नव्हता.

जेसीबीवाला खाली उतरून पाणी मागायला आला. "मावशी, किती माजवलं हुतं ह्ये! हातानं उपटलं असतं तरी दोन दिसांचं काम. आदी कुनी काढलं न्हाई व्हय?"

रंगुबाईनं गाडीपाशी उभ्या असलेल्या पोरांकडं पाहिलं.

"घरात तीन तीन बाप्ये हुते ना बाबा," ती म्हणाली, "म्हनून ऱ्हाऊन गेलं." आणि त्याच्या हातात तांब्या देऊन ती गाडीत जाऊन बसली.