साहेबांचं इम्प्रेशन

"पुढच्या महिन्यात या खोलीत माझी भट्टी पेटणार, म्हणजे पेटणार!"

मेणताईनं असं ठणकावून जाहीर केलं, तेव्हा ऐकायला खोलीत होतं फक्त इस्त्रीचं टेबल आणि तिचा नवरा. टेबल काही बोललं नाही. नवरा पडला शिंपी, ओठांत टाचण्या धरून कोटाची बाही जोडत होता, त्यामुळे तोही काही बोलला नाही. ताईनं दोघांचाही होकार धरला.

मेणताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण दातांच्या लॅबमध्ये मेण कोरण्यात निम्मं आयुष्य गेल्यावर खरं नाव विचारतंय कोण! काम असं: डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, त्याला म्हणायचं इम्प्रेशन. त्यात प्लास्टर ओतलं की पांढराशुभ्र जबडा हातात येतो, ते मॉडेल. त्या मॉडेलवर ताई मेणाचा दात कोरायची, मग मेण वितळून त्याच्या जागी भट्टीतून पक्का दात निघायचा आणि कुठल्याशा अनोळखी तोंडात जाऊन हसायला लागायचा.

कोरता कोरता ताई मात्र भलतीकडेच पोचलेली असायची. हात दातावर आणि जीव ढगावर! हा दात कुणाचा असेल, तो काय खाईल, कुणाला पाहून हसेल, या विचारात तिची कॉफी रोज गार व्हायची. एकदा तर ती कॉफी समजून ब्रश धुतलेलं पाणी प्यायली आणि वर म्हणाली, "आज साखर जरा कमी पडली."

आता तिचे मालक लॅब बंद करून लेकीकडे राहायला निघाले होते. म्हणजे ताईपुढे दोनच वाटा. एक तर स्वतःची लॅब काढायची, नाहीतर नवऱ्याच्या दुकानात बसून जन्मभर काजं करायची आणि बटणं लावायची. आणि बटणाचं काय असतं, की बटण कधी कुणाकडे बघून हसत नाही.

जागा तर ताईनं मनात केव्हाच लावून टाकली होती. दुकानामागची ही इस्त्रीची खोली. खिडकीसमोर शेजारची पांढरी भिंत, तिच्यावरून परतून येणारा दुधासारखा मऊ उजेड. इथं बाक, इथं दिवा, आणि त्या कोपऱ्यात पोट भरलेल्या मांजरासारखी घुरघुरणारी भट्टी. सगळं जागच्या जागी होतं. नव्हते ते फक्त पैसे!

म्हणून ताई बँकेत गेली.

कर्जाच्या टेबलावर एक मऊ बोलणारे भाऊ बसत. त्यांनी इकडंतिकडं पाहून आवाज खाली आणला.

"ताई, एक सांगतो. आमच्या साहेबांच्या तोंडून 'नाही' सोडून दुसरा शब्द अजून कुणी ऐकलेला नाही. तुम्हांला लॅब काढायची तर बिझनेसचं मॉडेल तयार ठेवा. मॉडेल नसेल तर साहेब फाईलला हातसुद्धा लावत नाहीत. आणि मुख्य म्हणजे, पहिल्या भेटीतच साहेबांवर चांगलं इम्प्रेशन पडलं पाहिजे."

भाऊ बोलत होते तेव्हा टेबलावरच्या काचेत खिडकीचा उजेड थरथरत होता. ताई त्या उजेडात आपला बाक मांडून बसली होती. तिच्या कानांत शिरले ते मोजके शब्द. साहेब. पहिली भेट. इम्प्रेशन. मॉडेल.

घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, बँकेतल्या साहेबांचं इम्प्रेशन घ्यायचंय म्हणे. पहिल्याच भेटीत! आणि मॉडेल करून द्यायचं."

नवऱ्यानं तोंडातल्या टाचण्या काढल्या. "हात्तिच्या! मग त्यात विचार कसला करतेस? माणसाला दात हवाय. उघड मागायला लाजतोय."

"साहेब असून लाजेल?"

"अगं, भलेभले माझ्यापुढे पोट आत ओढून माप देतात! लाज काय हुद्दा बघून येते? आणि पैसे देण्याआधी तो तुझं काम बघणारच की. मी नाही का नव्या गिऱ्हाइकाला आधी एकच सदरा शिवून दाखवत?"

"पण माप घेणं डॉक्टरांचं काम हो."

"आता डॉक्टरांना बँकेत कुठं नेतेस? दात पोचवायला त्यांच्याकडे जातेस, तेव्हा बघतेस ना तू?"

बघितलं होतं खरं. ताईनं पिशवीत रबरी वाटी, मापाच्या लगद्याची पावडर आणि तो लगदा दातांवर दाबून धरायचा ट्रे भरला. ट्रे उकळून पुसून, स्वच्छ फडक्यात गुंडाळून. उगाच कुणी नाव ठेवायला नको!

साहेबांची केबिन काचेची होती आणि साहेबांचा चेहरा बंद शटरसारखा.

"मॉडेल आणलंय?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"मॉडेल मागाहून होईल, साहेब. आधी इम्प्रेशन."

साहेबांनी मान वर केली. इतकं मुद्द्याचं आजवर कुणी बोललं नव्हतं. "बरोबर. आधी इम्प्रेशनच महत्त्वाचं."

ताईला हुरूप आला. तिनं टेबलावरच्या जगमधलं पाणी वाटीत ओतलं, पावडर टाकली आणि खसाखसा घोटायला सुरुवात केली. गुलाबी लगदा तयार झाला. केबिनभर पुदिन्याचा वास सुटला. साहेबांना वाटलं, बाई आपल्या उद्योगाचं प्रात्यक्षिक दाखवतेय. ते कौतुकानं पुढे वाकले.

"हं, आता आ करा," ताई म्हणाली.

"आँ?"

"अगदी अस्सं!"

आणि ट्रे आत!

"नाकानं श्वास घ्या, साहेब. जीभ हलवायची नाही. आत्ता होईल."

साहेबांचे डोळे, कोंबून भरलेल्या कपाटातल्या फायलींसारखे बाहेर येऊ लागले. त्यांनी खुर्चीचे हात गच्च धरले. ताईनं दोन बोटांनी ट्रे दाबून धरला, आणि आता लगदा घट्ट होईपर्यंत नुसतं थांबायचं म्हणून समोर पाहिलं.

तिथंच घोटाळा झाला! समोर खिडकी होती. खिडकीत उजेड होता. आणि उजेडात भट्टी घुरघुरत होती. ताई भट्टीचं दार उघडून एकेक दात बाहेर काढू लागली. एक लहान मुलीसाठी, एक गाणाऱ्या म्हाताऱ्यासाठी...

इकडे लगद्याचं रबर झालं, तरी ताईचं लक्ष नाही. साहेबांनी टेबलावर हात आपटला. तो पडला नेमका फोनच्या स्पीकरच्या बटणावर, आणि नेमका तेव्हाच फोन वाजत होता! मोठ्या ऑफिसातल्या मोठ्या साहेबांचा आवाज केबिनभर घुमला.

"काय हो, तुमच्याकडे ते दातांच्या लॅबचं प्रकरण आलंय म्हणे. द्यायचं का कर्ज?"

"अंऽऽ! अंऽऽ!" साहेबांनी जोरजोरात मान हलवली. पण मान फोनवरून दिसते थोडीच?

"काय सांगता! हो?"

"अंऽऽऽऽ!"

"अहो, इतकी वर्षं तुम्हांला ओळखतो, पण तुमच्या तोंडून आज पहिल्यांदा 'नाही' ऐकू आलं नाही! मंजूर. माझ्याकडून मंजूर! आणि तुमचं मनापासून अभिनंदन."

फोन बंद झाला. त्या आवाजानं ताई ढगावरून खाली आली. "अगं बाई!" म्हणत तिनं ट्रे ओढला. ट्रे जागचा हलेना. भाऊ धावत आले. त्यांनी साहेबांचे खांदे धरले, ताईनं ट्रे धरला, आणि काचेबाहेर जमलेल्या मंडळींनी श्वास धरला.

फट्!

ट्रे निघाला. गुलाबी रबरात साहेबांचे सगळे दात सुरेख उमटले होते. त्यांतला पुढचा एक तर नुसता उमटला नव्हता, जातीनं आला होता! साहेबांच्या दातावरची जुनी कॅप तिथं ऐटीत बसली होती.

"भाऊ, बघा ना किती छान आलंय इम्प्रेशन!" ताई म्हणाली.

भाऊंनी कपाळाला हात लावला. "ताई, अहो, इम्प्रेशन म्हणजे छाप! साहेबांच्या मनावर! आणि मॉडेल म्हणजे धंदा कसा चालवणार, त्याचं गणित!"

आता आ वासायची पाळी ताईची होती. "म्हणजे... साहेबांना दात नको होता?"

साहेबांनी रुमाल तोंडावर दाबला आणि दुसऱ्या हातानं फोन फिरवला. ताईला त्या खिडकीत आता उजेड दिसेना, नुसती बटणं दिसायला लागली. चार भोकांची.

"थर!" साहेब ओरडले. "थर, मी थंमती दिली नव्हती!"

"कोण बोलतंय?"

"मी! थाखेचा थाहेब!"

"चेष्टा करता? आमच्या शाखेच्या साहेबांचं बोलणं कसं ब्लेडसारखं असतं! ठेवा फोन!"

साहेबांनी फोन ठेवला. केबिनमध्ये पुदिन्याचा वास तेवढा उरला.

"साहेब," ताई हळूच म्हणाली, "ही कॅप डॉक्टर परत चिकटवून देतील. पण ती मुळात सैल होती हो. रंगही जुळत नाही. मी नवी करून दिली तर कुणाला ओळखूसुद्धा यायची नाही. मापही आयतं झालंय. फक्त... भट्टी नाही."

साहेबांनी काचेबाहेर पाहिलं. सगळी बँक त्यांच्या रुमालाकडे बघत होती. फोनचा काही उपयोग नव्हता. त्यांनी फाईल ओढली आणि एक शब्द न बोलता सही केली. बोलायची सोयच नव्हती!

इस्त्रीच्या खोलीत भट्टी आली. ताईनं कान लावून ऐकलं, खरंच घुरघुरत होती. साहेबांचा दात तिनं सगळ्यांत आधी केला, खिडकीतल्या दुधाळ उजेडाशी रंग जुळवून. डॉक्टरांनी तो बसवला. साहेब आरशात किती तरी वेळ बघत राहिले म्हणे.

पुढे पॉलिशचं मशीन घ्यायचं निघालं, तेव्हा ताई पुन्हा बँकेत गेली. या खेपेस मात्र धंद्याचं सगळं गणित तोंडपाठ करून. पिशवीसुद्धा नेली नाही. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एक शब्द बोलले.

ती घरी आली ती तरंगतच. नवऱ्यानं टाचण्या काढून विचारलं, "काय झालं? काय म्हणाले साहेब?"

"'नाही' म्हणाले," ताई भिंतीवरच्या उजेडाकडे बघत म्हणाली. "पण अहो, काय स्वच्छ म्हणाले!"