चिंधूचं अख्खं नमन

घरातल्या सीड्या संगणकात टाकायच्या, एवढेच मी ठरवले होते. एकसष्ट सीड्या. भजने, दंडारी, खडी गंमत. काहींवर बुरशी चढू लागली होती. माझी शाळा चौथीपर्यंत (चौथी दोनदा), पण निर्णय मी लवकर घेतो. चुकीचे तर फारच लवकर.

घाईला कारण होते. आंबागडची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, आठवड्यावर आली होती. मंडईत दंडार, आमच्याकडचे लोकनाट्य, उभी राहते आणि तिचे सुरुवातीचे नमन चाळीस वर्षे चिंधूने म्हटले. तीन वर्षांपूर्वी चिंधू गेला. या वर्षी लाऊडस्पीकरवर त्याचाच आवाज लावायचा, असे ठरले. त्याची बायको पंचफुला समोर बसणार होती. स्टुडिओवाल्याने गावात येऊन केलेली त्या नमनाची सीडी एकच, माझ्याकडे. मधोमध ओरखडा.

त्या नमनात मागचा सूर माझा आहे, असे मी वीस वर्षे गावात सांगत आलो. ओरखडा नेमका तिथेच होता. सीडी नवी होती तेव्हा वाजवायला घरी यंत्र नव्हते. यंत्र आले, तोवर ओरखडा आला. त्यामुळे माझा सूर आजवर कोणी ऐकलेला नव्हता. (विश्वासही कोणी ठेवलेला नव्हता.)

आधी शेजारच्या केशवरावने सीडी मागून नेली. पाच मिनिटांत पेनड्राइव्हमध्ये उतरवून घेऊन आला. वाजवले. चिंधू गणपतीला हात जोडतो, मग खर्रर्र, आणि एकदम शेवटची ओळ.

"केशवराव, ह्यात चिंधू हाये का चिंधूची उचकी?"

"चालते गा, यादोराव! मंडईत कोन एवढं आयकते?"

मी सीडी परत घेतली. माझी सून रेणू संगणकाचे काम जाणते. तिला बसवले. तिच्या लॅपटॉपला सीडीचे तोंडच नव्हते. तुमसरहून वेगळे यंत्र आणले. सोबत मोठी हार्डडिस्कही आणली.

"मामाजी, गानं लहान करून ठेवू का? जागा कमी लागते. कानाले आयकू येत नाही तेवढं सॉफ्टवेअर काढून टाकते."

"कानाले काय आयकू येत नाही, हे कोन ठरवते?"

"सॉफ्टवेअर."

"त्याले कान हायेत का?"

रेणू हसायला लागली.

"सूनबाई, बियानं म्हनून आपन काय ठेवतो? धान का तांदूळ?"

"धान."

"काहून? तांदूळ तं कमी जागेत मावते."

"तांदूळ उगवत नाही, मामाजी."

"मंग? सालीसकट ठेव."

तिने मान हलवली आणि अख्खी फाईल ठेवण्याची खूण केली. मला फार बरे वाटले. चौथी पास माणसाने लॅपटॉपला उत्तर दिले होते.

आता सॉफ्टवेअर. रेणूने दोन दाखवली. एक झटपट उतरवणारे. दुसरे ओरखड्यावर पुन्हा पुन्हा फिरून, जुळेपर्यंत वाचणारे. मी दुसरे निवडले. ते फुकट होते, याचा मला जरा संशय आला. पण हट्टी होते. हट्टी मला पटते.

सकाळी सातला यंत्र सुरू झाले. दुपारी बारा वाजता ओरखड्यावरच होते. घर्र घर्र करायचे, थांबायचे, परत घर्र घर्र. मी समोर खुर्ची टाकून बसलो. (माझा काही उपयोग नव्हता. पण कामावर नजर हवी.)

माझी बायको सुंदरबाई सकाळीच विळा घेऊन शेतावर गेली होती. ती संध्याकाळी परत आली.

"अजी, एका गान्याले सकाळपासून? तेवढ्यात आमची धानाची बांधी कापून झाली."

"बांधी दरसाल येते. चिंधू येत नाही."

तिने विळा ठेवला. चहा आणून दिला. पस्तीस वर्षांत माझ्या बोलण्यावर मिळालेला हा दुसरा चहा.

पावणेसहाला रेणू ओरडली, "मामाजी, शंभर टक्के! एक अक्षर गेलं नाही!"

"आयकून पाहू?" तिने विचारले.

"नाही. पहिल्यांदा पंचफुला आयकन."

मंडईच्या दिवशी चौकात गर्दी मावेना. पंचफुला पुढे बसली, पदर तोंडाला लावून. मी स्वतः बटण दाबले. चिंधूचा आवाज उठला आणि सारा बाजार गप्प झाला. जिलेबीवाल्याचा झारासुद्धा थांबला. ओरखड्याची जागा आली. खर्रर्र नाही. मी छाती काढून केशवरावकडे पाहिले. मागून एक दुसरा सूर निघाला. माझा! मी दोन्ही हात वर केले.

तेवढ्यात ढोलकी थांबली. आणि चिंधू बोलला, लख्ख, चारही भोंग्यांतून:

"थांबा, थांबा! यादो, तू तोंड बंद ठेव गा, अन् टाळच वाजव. तुह्या आवाजानं बैल बुजून राहिले!"

मग नमन पुढे सुरू झाले. मागचा सूर परत आला नाही. टाळ मात्र फार चांगला होता.

स्टुडिओवाल्याने काही कापलेच नव्हते. मला हा प्रसंग मुळीच आठवत नव्हता. (माझ्या डोक्याने त्याची केव्हाच लहान फाईल केली असावी.)

चौक हसून लोळला. पंचफुला हसता हसता डोळे पुसू लागली.

"हाच माहा मानूस! घरी बी असाच बोले. यादोभाऊ, तुमी त्याले परत आनलं जी!"

माझे हात अजून वरच होते. मी ते जोडून टाकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नमन आणखी तीनदा लावावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी केशवराव दारात उभा. हातात नवाकोरा पेनड्राइव्ह, चौसष्ट जीबीचा.

"यादोराव, मी हारलो. तुहीच पद्धत खरी. मले बी दे गा."

अशी शरणागती मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. मी त्याला खुर्ची दिली. पाणी मागवले.

"अख्खं नमन देऊ?"

"नाही गा, नमन राहू दे," केशवराव म्हणाला. "ते बैलाचं तेवढं दे. पन एक अक्षर कमी नको."