घुग्घुसची बस किती वाजता?

आमच्या लटारीभाऊंनी समुद्रकिनाऱ्यावरची जेवढी गावं नापास केली आहेत, तेवढी एखाद्या वादळालाही जमली नसतील.

परीक्षेची पद्धत अशी. लटारीभाऊ कोकणातल्या एखाद्या गावात बसमधून उतरतात, स्टँडवरच्या पानवाल्यासमोर उभे राहतात आणि अतिशय नम्रपणे विचारतात, "भाऊ, घुग्घुसची बस किती वाजता आहे जी?" आता घुग्घुस म्हणजे आमचं गाव, चंद्रपूर जिल्ह्यातलं, कोळशाच्या खाणींचं. तिथून समुद्र गाठायचा तर अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो. त्या पानवाल्याने घुग्घुसचं नाव ऐकलेलं असण्याचं काहीच कारण नाही. तो म्हणतो, "अशी बस नाही." लटारीभाऊ मान हलवतात, दोन पावलं जातात, परत येतात आणि त्याच नम्रपणे विचारतात, "भाऊ, घुग्घुसची बस किती वाजता आहे जी?" तिसऱ्या खेपेला पानवाला त्यांच्याकडे निरखून बघतो. चौथ्या खेपेला तो जे बोलतो ते छापण्यासारखं नसतं. मग लटारीभाऊ शांतपणे पिशवी उचलतात आणि घरी वहिनींना फोन लावतात. "नापास. फॅमिलीच्या कामाचं नाई हे गाव."

लटारीभाऊंचं घर माझ्या दुकानाच्या बरोबर समोर आहे. माझं दुकान चष्म्याचं. आमच्या गावात हा धंदा उत्तम चालतो, कारण कोळशाचे ट्रक दिवसभर धूळ उडवत जातात आणि आपली नजर गेली की काच काळी झाली हे गिऱ्हाइकाला कळत नाही. दोन्हीवर उपाय माझ्याकडे आहे. इथे पांढरा शर्ट दुपारपर्यंत राखाडी होतो. वाळत घातलेल्या पापडांवर मिरे आपोआप येतात. लोक तुळशीला पाणी घालत नाहीत, तिला आंघोळ घालतात.

अशा गावातून निवृत्त माणसाने निघून जायचं म्हणणं मी समजू शकतो. पण जायचं तर जवळ जा. आलापल्लीकडे जा, सागवानाच्या सावलीत बसा, धुळीचा कण नाही. हे मी त्यांना कितीदा सुचवलं.

"तिथी वाघ हाये," लटारीभाऊ म्हणाले.

"समुद्रात काय कमी जनावरं आहेत?"

"मासा घरात येत नाई."

तेव्हापासून मी आलापल्लीचं नाव काढलं नाही.

लटारीभाऊंची सगळी नोकरी खाणीच्या लॅम्प रूममध्ये गेली. जमिनीखाली उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला डोक्याला लावायचा दिवा द्यायचा आणि शिफ्ट सुटल्यावर तो परत घ्यायचा, एवढंच काम. पण सांगताना ते असं सांगतात की खाण ज्याच्या मालकीची असेल त्याची, चालवत होते लटारीभाऊ. "साहेब लोक कोळसा मोजत जी. आपण माणसं मोजत होतो. दिवा वापस नाई आला म्हंजे माणूस वर नाई आला. मंग आपण विचाराले निघायचं. कोणी सुट्टी मारून घरी झोपला असला तरी त्याच्या घरी जाऊन त्याले उठवायचं आणि इचारायचं, जिता हायेस काय बे." झोपेतून उठवलेली ती माणसं आजही त्यांना रस्त्यात टाळतात.

घरात आणखी दोन माणसं. एक वहिनी, ज्यांनी नवऱ्याशी वाद घालणं लग्नानंतर लवकरच सोडून दिलं आणि तेव्हापासून सुखात आहेत. दुसरी बेबी, त्यांची मुलगी. बेबीचं वय तिशीच्या पुढे, समज सात-आठ वर्षांच्या पोरीची. ती फाटकापाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसते आणि जाणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलला विचारते, "शिफ्ट सुटली काय?" बाप शिफ्ट सुटल्यावर घरी यायचा, तेव्हापासूनचा तो प्रश्न. बाप आता दिवसभर घरातच असतो, पण प्रश्न काही निवृत्त झालेला नाही. जाणारा गाडी हळू करतो, म्हणतो, "सुटली व बेबी," आणि जातो. तोच माणूस पाच मिनिटांनी बिडी घेऊन परतला की पुन्हा विचारणा, पुन्हा "सुटली व." मी दुकानाचं शटर उघडताना सांगतो, मधे चहाला जाताना सांगतो, बंद करताना सांगतो. गल्लीत हे श्वास घेण्यासारखं चालतं. उन्हाळ्यात धुळीने बेबीला दम लागतो, तेव्हा ती नुसती हातानेच विचारते. लोक हातानेच उत्तर देतात.

तर दरवर्षी दिवाळी आटोपली की लटारीभाऊ एकटेच पिशवी भरून किनाऱ्याकडे निघत. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर आम्ही त्यांना निरोप देत असू.

"काय गा लटारीभाऊ, यंदा कोणता समुद्र?"

"अरबी."

"तो तर मागच्या सालीही होता."

"समुद्र तोच हाये. माणसं वेगळी पाहाची हायेत."

परत आले की निकाल जाहीर व्हायचा. आम्ही त्यांना चहा पाजायचो, कारण टपरीवर एवढ्या स्वस्तात दुसरी करमणूक नव्हती. एक गाव नापास झालं, कारण तिथल्या माणसाने उत्तर न देता भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बोट दाखवलं. "तोंड नाई काय त्याले?" दुसऱ्या गावात सगळे गोड बोलले, पण बाकड्यावर बसलेली दोन पोरं एकमेकांना कोपर मारून हसली. नापास. तिसऱ्या गावातल्या भल्या माणसाने कटकट नको म्हणून सांगितलं, "दहा वाजता येईल." हे गाव पास होणार असं आम्हाला वाटलं. लटारीभाऊ भयंकर चिडले.

"खोटं सांगते? ती बिचारी दहा वाजेपर्यंत उभी राहीन."

"कोण उभी राहील?" मी विचारलं.

"फॅमिली," ते म्हणाले आणि चहा बशीत ओतला.

आम्ही हसलो. घर बघायला गेलेला माणूस पाण्याची सोय बघतो, दवाखाना बघतो, किराणा बघतो. आमचे लटारीभाऊ परमुलखात जाऊन, नसलेल्या बसची चौकशी करून, शिव्या खाऊन परत येत होते आणि वर त्या गावाला नावं ठेवत होते. मी तर म्हटलं की आता किनाऱ्यावर यांचा फोटो लावला असेल, खाली सूचना असेल, या इसमास वेळ सांगू नये.

आणि मग एका वर्षी गाव पास झालं.

लटारीभाऊ टपरीवर आले ते नवरदेवासारखे. एका छोट्या गावात, धक्क्याच्या वळणावर, सुकी मासळी विकणारी एक बाई बसते. तिला त्यांनी प्रश्न विचारला. ती म्हणाली, बस नाही. पुन्हा विचारला. ती म्हणाली, नाही हो, नाही. पुन्हा. ती म्हणाली, नाही, पण बसा, पाणी प्या. लटारीभाऊंनी म्हणे तिची सगळी सकाळ घेतली. शेवटी ती म्हणाली, "घुग्घुस लांब आसा काय? मग आज रवा हयच."

"रवा म्हंजे राहा," लटारीभाऊंनी आम्हाला समजावलं. "मी तिची मागची खोलीच पाहून आलो. पुढच्या महिन्यात फॅमिली नेऊन दाखवतो. पसंत पडलं का घर विकतो."

लटारीभाऊ खरंच जाऊ शकतील ही शक्यता आमच्यापैकी कोणीच धरलेली नव्हती.

मी दुकान भावावर टाकलं आणि सामान उचलायला मदत म्हणून त्यांच्याबरोबर निघालो. खरं तर मला ती बाई बघायची होती. जिच्यासमोर लटारीभाऊ हरले ती बाई बघण्यासारखी असणारच.

बेबीने समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ तोंड उघडं ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "बाबा, इतलं पाणी कोणी सोडलं?" खाणीतून पंपाने उपसलेलं पाणी सोडतात, ते तिने पाहिलेलं. लटारीभाऊंनी विचार करून सांगितलं, "वरच्या साहेबानं." मग ती धक्क्याचा चढ चढली. मधे थांबली नाही, छातीवर हात ठेवला नाही, थेट वर गेली. वहिनी माझ्या शेजारी होत्या. म्हणाल्या, "डॉक्टर बोलले होते, समुद्राची हवा मानवीन म्हणून."

वळणावर ती मासळीवाली होती. बेबी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "शिफ्ट सुटली काय?"

"कसली शिफ्ट?" बाई म्हणाली.

"शिफ्ट सुटली काय?"

बाईने तिच्याकडे पाहिलं, मग समुद्राकडे पाहिलं. "सुटली गो बाय," ती म्हणाली. "ती बघ, होडी इली."

बेबी होडी बघून आली. पुन्हा विचारलं. "सुटली गो." पुन्हा विचारलं. "सुटली." आणि लटारीभाऊ बाजूला पिशवी छातीशी धरून उभे होते, दहावीच्या निकालाला बाप उभा असतो तसे.

मी लोकांची नजर तपासून पोट भरतो. बेबीचा हा प्रश्न आणि लटारीभाऊंचा तो बसचा प्रश्न एकच आहे, हे मला तिथे, त्या सुक्या बांगड्यांच्या वासात उभं राहून दिसलं.

म्हणजे सगळं जमलं होतं. खोली जमली, हवा जमली, बाई जमली. तिसऱ्या दिवशी नारळाच्या कालवणाने बेबीचं पोट बिघडलं आणि ती दोन दिवस खोलीत पडून राहिली. दोन्ही दिवस लटारीभाऊ पायरीवर बसून होते. मला वाटलं, समुद्र बघतायत. पण ते रस्ता बघत होते. लोक येत होते, जात होते, जाळी नेत होते. मासळीवाली तेवढे दोन दिवस बाजाराला दुसऱ्या गावी गेलेली. बेबी बरी झाली, त्या संध्याकाळी ते म्हणाले, "चला, निघू."

"आता काय झालं?"

"कोणी नाई इचारलं."

"काय नाही विचारलं?"

"काल ती पोरगी इथी होती, आज काऊन नाई दिसून राह्यली. कोणीच नाई."

मी वैतागलो. म्हटलं, "लटारीभाऊ, चार-पाच दिवस झालेत आपल्याला. कोण विचारणार? ओळख व्हायला वेळ लागतो. चांगली माणसं आहेत, विचारतील."

"इचारतीन ना," ते लगेच म्हणाले. "मी नाई म्हणतो काय? आमच्या गल्लीले पोरीची सवय व्हाले वीस वरसं लागली. इथीही लागतीन. पण मले तेवढी शिफ्ट नाई राह्यली जी."

वहिनी आत कपड्यांच्या घड्या करत होत्या. त्या त्यांनी पिशवीकडे सरकवल्या.

"तिच्या दिव्याचा हिशोब इथी कोणापाशीच नाई," लटारीभाऊ म्हणाले. "आमच्यामागं वापस नाई आला, तर कोण निघन इचाराले?"

मी त्यांना यावर काहीतरी खोचक बोलायला हवं होतं. एवढ्या वर्षांची सवय होती. पण पिशव्या भरायच्या होत्या, त्या भरल्या.

घुग्घुसला आम्ही दुपारी पोहोचलो. नेहमीसारखी धूळ होती. बेबीने खुर्ची ओढून फाटकापाशी नेली आणि ती बसते न बसते तोच पहिली मोटारसायकल करकचून थांबली.

"काय व बेबी, कुठी गेली होती?"

"समुद्र पाहाले," बेबी म्हणाली.

दुसरी गाडी. "कुठी गेली होती व? आठवडा झाला, खुर्ची रिकामी."

"समुद्र पाहाले."

चहाटपरीवाला हातातली किटली घेऊन आला. दूधवाला आला. माझा भाऊ दुकानातून बाहेर येऊन, मला सोडून, आधी तिला विचारता झाला. एका ट्रकवाल्याने मागच्या सगळ्या गाड्या अडवून खिडकीतून तेच विचारलं. बेबीने एकालाही मघाशीच सांगितलं असं म्हटलं नाही. प्रत्येकाला पहिल्यांदा सांगावं तसं सांगितलं. लटारीभाऊ ओसरीवर, प्रवासाने काळी पडलेली कॉलर तशीच ठेवून, ऐकत होते.

त्या ट्रकमागच्या धुळीने तिला दम लागला. वहिनी दम्याचा पंप घेऊन धावल्या. तेवढ्यात एक मोटारसायकलवाला विचारायला थांबला. त्याने गाडी बंद केली आणि पाय टेकून उभा राहिला. बेबीचा श्वास जागेवर आला. ती म्हणाली, "समुद्र पाहाले. शिफ्ट सुटली काय?"

"सुटली व," तो म्हणाला आणि मग त्याने किक मारली.

दुसऱ्या दिवसापासून लटारीभाऊंनी नवीन उद्योग काढला. रबरी नळी घेऊन ते फाटकासमोरचा रस्ता धुतात. पाच ट्रक गेले की रस्ता पुन्हा कोरडा, की पुन्हा नळी. कोळशाच्या वाहतुकीशी त्यांनी एकट्याने युद्ध पुकारलं आहे आणि त्यात ते हरत आहेत, हे गल्लीतला प्रत्येक जण त्यांना रोज ऐकवतो. परवा मीही ऐकवायला गेलो. त्यांनी नळी खाली ठेवली, माझ्यासमोर उभे राहिले आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "भाऊ, घुग्घुसची बस किती वाजता आहे जी?"

"आली, लटारीभाऊ," मी म्हटलं.

ते मान हलवून दोन पावलं गेले. परत आले.

"भाऊ, घुग्घुसची बस किती वाजता आहे जी?"

"आली ना," मी म्हटलं. निकाल न सांगताच त्यांनी नळी उचलली, आणि मी चहाला निघालो. फाटकापाशी पोहोचलो तेव्हा बेबीने माझ्याकडे पाहिलं. तिने विचारायच्या आधीच मी सांगू शकलो असतो. पण थांबलो, तिला आधी विचारू दिलं.