रानरेड्याला कुठली गोळी?

आमचे रामटेकेसाहेब माणूस भेटला की आधी त्याचं वजन विचारतात. का, तर त्याला कुठली रायफल लागेल ते ठरवायला! माझा मेव्हणा सुट्टीला मस्कतला आला, तर साहेबांनी त्याला दारातच नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाले, "दोनशे सत्तरनं भागायचं नाही. तीनशे आठ घ्या." मेव्हणा अजून फोनवर विचारतो, "तो माणूस मोकळाच फिरतो का रे?"

ओमानमधल्याच सोहारच्या आमच्या कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर. मूळचे चंद्रपूरकडचे. आयुष्यात साधी छर्‍याची बंदूक हातात धरलेली नाही. घरात झुरळ निघालं तर सुपलीत घेऊन बाहेर सोडतात. पण खाटेखाली शिकारीच्या मासिकांचा ढीग! बुद्धपौर्णिमेला खिरीच्या पातेल्याशी उभं राहून हा गृहस्थ हत्तीच्या कवटीत कुठली गोळी किती शिरते ते सांगणार. बायका वाट्या घेऊन पळायच्या. "हलकी गोळी म्हणजे पाप," हे त्यांचं पालुपद.

एकदा आमचे मालक, म्हणजे अर्बाब, टांझानियाला रानरेड्यांच्या शिकारीला निघाले. नवी कोरी रायफल दाखवायला ऑफिसात आले. दस्त्यावर नक्षी, वजनाला हलकी. सगळे "माशाल्ला" म्हणाले. मी दोनदा म्हणालो, कारण माझा व्हिसा त्याच महिन्यात रिन्यू व्हायचा होता.

रामटेक्यांचाही व्हायचा होता. पण या शहाण्यानं रायफलीला हातसुद्धा लावला नाही. आपल्या चंद्रपुरी हिंदीत म्हणाले, "अर्बाब, ये हिरन का है. इससे भैंसा मरता नहीं, चिढता है. तीनशे पंचाहत्तर लो, गोली भारी लो. नहीं तो मत जाओ."

अर्बाबचा चेहरा उतरला. "खलास?" म्हणजे, झालं बोलून?

"खलास नहीं." साहेब चक्क दारात आडवे उभे राहिले. "आपके आगे कौन चलेगा? उसको कौनसा हेल्मेट दोगे?"

अर्बाब त्यांना वळसा घालून निघून गेले. झालं! याचं तिकीट कटलं, असं ऑफिसात सगळे म्हणाले.

संध्याकाळी मस्कतला घरी येताना गाडीत मी त्यांना फैलावर घेतलं. "अहो, पोरीचं इंजिनिअरिंग अजून व्हायचंय. तो आफ्रिकेतला रेडा तुमचा कोण लागतो?"

वाटेत खाबुर्‍याला चहाला थांबलो. त्यांनी कप हातात घेतला.

"रेडा नाही हो. पुढं चालणारा माणूस," म्हणाले. "माझे बाबा हाकारे होते. शिकारीला आलेल्या साहेबाची रायफल हलकी. गोळी लागून गवा पडला, अन् उठला. साहेब मचाणावर. बाबा खाली. मी सात वर्षांचा होतो."

मी कप खाली ठेवला.

"मासिकात फोटो असतो. साहेब असतो, जनावर असतं, रायफलीचं नावसुद्धा असतं. हाकार्‍याचं नाव असतं का, ते बघतो मी दर अंकात. अजून सापडलं नाही."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. अर्बाबचा निरोप होता, कुठली रायफल, कुठली गोळी, लिहून पाठवा. रामटेकेसाहेबांनी चष्मा लावून एका बोटानं सगळं लिहिलं. मी डोकावलो. शेवटची ओळ होती, 'आगे चलनेवाले का नाम पूछना.'

इतकी वर्षं मी या माणसाची टर उडवत आलो. लाज वाटली मला.

"बाबांचं नाव काय हो?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"सुखदेव," म्हणाले. "वजन असेल पन्नास किलो."