ज्योतीरामचं नाक

दूध आणायला गेटबाहेर जायचं असलं, तरी आधी ओट्यावरच्या खुर्चीसमोर उभं राहायचं, मास्क खाली करायचा, डोळे मिटायचे आणि शालनबाई नाकाखाली धरतील त्या डबीत काय आहे ते सांगायचं, असा पुनावळ्यातल्या त्या घराचा नियम होता. डब्या तीन होत्या. एकीत हिंग, दुसरीत चिरलेला कांदा, तिसरीत कापूर. वास गेला की समजायचं कोरोना आला, हे शालनबाईंनी टीव्हीवर ऐकलं आणि त्याच दिवशी गेटची किल्ली कमरेच्या पिशवीत गेली. बाहेरचा लॉकडाऊन सरकारनं लावला होता, आतला शालनबाईंनी. सरकार निदान अधूनमधून सूट तरी देत होतं.

शालनबाईंचे मालक यशवंतराव मात्र कशालाच भीत नव्हते. त्यांचा मास्क कायम हनुवटीखाली. "आमच्या आज्यानं पलेग बघितलाय," असं ते सांगत आणि संध्याकाळ झाली की मागच्या भिंतीवरून उडी मारून दौलतरावांच्या गोठ्यात पत्ते खेळायला जात. पासष्ट वर्षांच्या माणसानं भिंतीवरून उड्या माराव्यात का, हा प्रश्न वेगळा. पण घरधन्याच्या नाकाखाली डबी धरणं शालनबाईंना बरं दिसेना, म्हणून परीक्षा फक्त भाडेकरूंना. भाडेकरू म्हणजे खालच्या खोलीतलं एकच जोडपं, बीडकडचा ज्योतीराम आणि त्याची बायको सुमन.

आता खरी गोम सांगतो. ज्योतीरामला वासच येत नव्हता. कोरोनाबिरोना काही नाही, आठ वर्षं चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपला कंत्राटी कामगार म्हणून थिनर हुंगून हुंगून त्याचं नाक कधीच कामातून गेलं होतं. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. कंपनीच्या डॉक्टरला कळलं असतं तर तिथल्या तिथे नाव कापलं गेलं असतं. फक्त सुमनला माहीत होतं, आणि सुमनची त्याबद्दल तक्रार नव्हती, कारण तिच्या हातून वरण फार करपायचं.

तोड सुमननंच काढली. शालनबाई डबी लांबून, सांडशीत धरत. झाकण उघडून डबी त्या सांडशीत द्यायचं काम सुमनकडे होतं. देताना तिच्या काचेच्या बांगड्या एकदा वाजल्या की हिंग, दोनदा वाजल्या की कांदा, तीनदा वाजल्या की कापूर. ज्योतीराम डोळे मिटून बांगड्या मोजायचा, नाक उगीच दोनदा फुरफुरवायचा आणि बरोबर उत्तर द्यायचा. महिनाभरात एकदाही चूक नाही.

तिथंच घोळ झाला. एवढं तिखट नाक गावात दुसरं नाही, असं शालनबाईंनी ठरवून टाकलं. मग त्या घरातली वासाची सगळी कामं त्याच्याकडे आली. गॅस गळतोय का बघ, तूप खवट झालंय का बघ. एकदा दुधाचं पातेलं समोर आलं आणि सुमन नेमकी नळावर होती. ज्योतीरामनं देवाचं नाव घेतलं आणि ताजं आहे म्हणून सांगितलं. ते दूध यशवंतराव प्यायले आणि दिवसभर संडासाच्या बाहेर आले नाहीत. शालनबाईंचा त्याच्या नाकावरचा विश्वास तरी ढळला नाही. यशवंतरावांनीच बाहेर काहीतरी खाल्लं असणार, असं म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी मागच्या भिंतीवर काचा लावायला घेतल्या. दौलतरावांनाही ऊन लागून ताप भरला होता, त्यामुळे पत्ते आपोआपच बंद पडले.

शनिवारी जयदीपचा फोन आला. जयदीप म्हणजे ज्योतीरामच्या कंत्राटदाराचा सुपरवायझर. कंपनी सोमवारपासून सुरू होणार होती, पण निम्म्याच माणसांवर. "अंडरपासपाशी सातला गाडी येईल भावा," तो म्हणाला. "आलास तर तुझं नाव, न्हाई आलास तर माझ्याकडं लिस्ट लांब हाय." ज्योतीराम दोन महिने घरी बसून होता. त्याला आनंदानं रडूच आलं. रविवारी त्यानं बूट पुसले, पुन्हा पुसले, आणि सुमनला म्हणाला, उद्या तेवढ्या बांगड्या नीट वाजव.

सोमवारी साडेसहाला तो डबा घेऊन ओट्यासमोर उभा राहिला. तीनदा बांगड्या वाजल्या, त्यानं कापूर सांगितला. शालनबाईंनी मान डोलावली, पिशवीतून किल्ली काढली आणि मग थांबल्या. दोन दिवस झाले, डब्या मेल्या फिक्या पडल्यासारख्या वाटतात, कापरात काही दम राहिला नाही, वाण्यानं फसवलं, असं काहीबाही पुटपुटत त्यांनी स्वतःच डोळे मिटले आणि सुमनला म्हणाल्या, "धर गं एक डबी माज्या नाकाखाली. बगू दे मला."

सुमननं हाताला आली ती डबी उघडली. महिनाभराची सवय, बांगड्या आपसूक दोनदा वाजल्या.

शालनबाईंनी जोरात श्वास ओढला. पुन्हा ओढला. "हिंग," त्या म्हणाल्या.

  किल्ली समोर होती, सात वाजायला अजून वेळ होता, आणि नुसतं 'व्हय काकू' म्हटलं असतं तर ज्योतीराम गेटबाहेर पडला असता. पण शालनबाईंना साखर होती. त्यांनी दोन महिने न मागता ज्वारी दिली होती, सुमन तापानं पडली तेव्हा दारात पेज आणून ठेवली होती. त्याची जीभ काही उचलेना.

"काकू, कांदा हाय तो," तो म्हणाला.

शालनबाईंनी डोळे उघडले, पण डबीकडे बघितलंच नाही. "हिंगच हाय. तुजंच नाक बिगडलं आज. गेट उगडायचं न्हाई." आणि किल्ली परत पिशवीत गेली.

मग त्याला सांगावंच लागलं. आठ वर्षं, थिनर, बांगड्या, नासलेलं दूध, सगळं. सुमन खाली मान घालून उभी होती. शालनबाई ऐकता ऐकता डबीत डोकावल्या. कांदा बघून त्यांच्या डोळ्यांना धार लागली, ती कांद्यानं की कशानं, कोण सांगणार. महिनाभर फसवलंस रे मला, एवढंच त्या म्हणाल्या. पण आवाजात राग नव्हता, नुसती भीती होती, आणि तीच ज्योतीरामला सोसवेना. तेवढ्यात हायवेकडून गाडीचा हॉर्न आला. एकदा, दोनदा. मग गाडी गेली.

तपासणीत शालनबाईंना कोरोना निघाला. बुधवारी त्यांना न्यायला गाडी आली, सोबत पीपीई किट घातलेला एक माणूस फॉर्म घेऊन आला. यशवंतराव गच्चीवरूनच त्याच्याशी बोलले. आपल्याला काही म्हणजे काही होत नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. शालनबाईंचा वास जाऊन चार दिवस झाले होते, ते त्यानं लिहिलं. मग ज्योतीरामची पाळी आली.

"वास येतो?"

खोटं बोलून ज्योतीराम पार थकला होता. "न्हाई."

"कधीपासून?"

"आठ वर्षं झाली, साहेब."

माणसानं मान वर केली. गॉगलच्या आत वाफ धरली होती, त्याला नीट दिसत तरी होतं की नाही देव जाणे. "रकाना दिवसांचा आहे," तो म्हणाला.

"वर्षं लिवा की."

"वर्षांचा रकाना नाही." आणि त्यानं लिहिलं, आठ.

झालं. मालकीण चार दिवस, भाडेकरू आठ दिवस. कुणी कुणाला दिला, हे सांगायला आता ज्योतिषी नको होता. संध्याकाळपर्यंत सगळ्या पुनावळ्यात झालं की बाहेरगावच्या भाडेकरूनं आणला. ज्योतीरामची तपासणी झाली होती, रिपोर्ट यायचा होता, पण त्यासाठी कोण थांबतंय. ताप उतरलेल्या दौलतरावांनीही फोन करून हळहळ व्यक्त केली.

गाडीत बसताना शालनबाईंनी किल्ली ज्योतीरामच्या हातात दिली. "तुज्याकडंच ऱ्हाऊ दे. ह्यांना भाईर जाऊ दिऊ नगं," त्या म्हणाल्या. गाडी वळते न वळते तोच महापालिकेची माणसं आली आणि गेटला बाहेरून आडवे बांबू आणि पत्रा ठोकून गेली. महिनाभर ज्या किल्लीसाठी नाक फुरफुरवलं, ती आता त्याच्या खिशात होती. जयदीपनं फोन उचलला, लिस्टमधल्या पुढच्या माणसाचं नाव सांगितलं आणि काळजी घे म्हणाला.

ज्योतीराम भिंतीला टेकून बसला. सुमन त्याच्याशेजारी बसली.  चुलीवर वरण होतं हे दोघंही विसरले.

यशवंतराव तरातरा जिना उतरून खाली आले आणि खोलीच्या दारात, धुराच्या मधोमध उभे राहून बोलायला लागले. आमी तुमाला घरच्यासारखं ठिवलं, आन तुमी माज्या बायकूला रोग दिला. बोलत होते, खोकत होते, पुन्हा बोलत होते. सुमन एकदम उठली आणि पदरानं पातेलं खाली उतरवलं. वरणाचा पार कोळसा झाला होता. डोळे चोळत तिनं दाराकडे बघितलं.

"काका," ती म्हणाली, "एवढं करपलंय. तुमाला वास न्हाई आला?"

 यशवंतरावांनी एकदा हवेत हुंगलं. मग पातेल्यावर वाकून हुंगलं. मग गेटच्या पत्र्याकडे बघत, दोन महिन्यांत पहिल्यांदाच, हनुवटीवरचा मास्क हळूच नाकावर ओढला.

फॉर्म तर केव्हाच गेला होता.